ठकूबाईंच्या खुराड्यापाशी महाराज

श्रीसखोबा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी हिवरदऱ्यास होता. डोंगराच्या पायथ्याचे हे लहानसे गाव. गावाला लागून ओढा आणि ओढ्याच्या काठी भैरोबाचे देऊळ. त्या देवळाच्या ओवरीत महाराज घोंगडी अंथरून राहत. दिवसा कुणाच्या बांधावर दगड रचू लागत, कुणाच्या गोठ्यातले शेण काढू लागत, आणि संध्याकाळी ओवरीसमोर भजन होई. भजन संपले की महाराज थोडे बोलत. त्यांच्या बोलण्यात मोठाली वचने नसत. चूल, पाणी, गोठा, शेजारपाजार, असलेच विषय. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. आणि जे ठाऊक आहे असे वाटते ते माणूस करून पाहत नाही, ही आपली सगळ्यांची जुनी खोड.

या भजनाला ठकूबाई नावाच्या एक बाई नेमाने येत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, जमिनीचा तुकडा नाही. चावडीच्या मागे एक खोपट, पुढे झाडून लख्ख केलेले अंगण आणि त्या अंगणात त्यांच्या पंधरा-वीस कोंबड्या. अंडी विकून त्यांचे मीठमिरची चाले. पण कोंबड्या म्हणजे नुसते पोट नव्हे, तोच त्यांचा संसार होता. प्रत्येकीला नाव होते. चित्री, लाली, बुटकी, तुरेवाली. सकाळी मातीच्या परळात पाणी ओतताना त्या महाराजांचे नाव घेत आणि मगच परळ कोंबड्यांपुढे सरकवत. भजनाला येताना लुगड्याला कुठेतरी एखादे पीस चिकटलेले असे. बायका तोंडाला पदर लावून हसत, आणि पुरुषांमधून हैबतराव उघडउघड हसत.

हैबतराव हे गावचे मानकरी. उंच, धिप्पाड, मिशांना पीळ. गावात रोगराई आली की मरीआईचा उतारा वाहून नेण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. आजा, पणजा, सगळ्यांनी तो वाहिलेला. एरवी हा माणूस वाईट नव्हता, अडल्यानडल्याला बैल देणारा होता. पण मानाचे वारे एकदा डोक्यात शिरले की माणसाला समोरचा दिसेनासा होतो, तसे त्यांचे झाले होते.

"ठके," ते भजनाच्या ओळीतून मोठ्याने म्हणत, "कोंबड्यास्नी बी घिऊन येत जा की. चित्रीला टाळ दिऊ, लालीला मृदंग."

सगळी ओळ हसे. ठकूबाई मान खाली घालून टाळी धरत. महाराज हे ऐकत, पण बोलत नसत. फक्त प्रसाद वाटताना खडीसाखरेचा एक खडा ठकूबाईंच्या हातावर जास्त पडे, आणि तो हैबतरावांच्या नजरेतून सुटत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडी गावात कोंबड्यांची मर सुरू झाली. आज या घरची कोंबडी पंख टाकून बसली, उद्या त्या घरचा कोंबडा मान टाकून पडला. कुणाच्या कोंबड्यांचे डोळे चिकटले, कुणाची पिल्ले रक्त हगू लागली. बायकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या काळी कोंबडीला काय झाले आहे हे कुणी उचलून बघत नसे. जे काही होई त्याला एकच नाव होते, मर. आणि मरीवर उपायही एकच होता, उतारा.

त्या उताऱ्याची रीत अशी. प्रत्येक घराने आपल्याकडची मरगळलेली एक कोंबडी आणायची. घरात सगळ्या धडधाकट असल्या तरी एक द्यायचीच. चावडीपुढे एका मोठ्या डालग्याखाली त्या सगळ्या रात्रभर झाकून ठेवायच्या, पुढ्यात दाणे टाकायचे, डोक्याला कुंकू लावायचे, आणि सकाळी मानकऱ्याने ते डालगे डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या शिवेत कोंबड्या सोडून मागे न बघता परत यायचे. रोग कोंबड्यांबरोबर गावाबाहेर गेला, अशी समजूत. तो गेला कुठे, हे विचारायची रीत नव्हती.

उतारा ठरला त्या संध्याकाळी महाराज भजनानंतर एवढेच बोलले, "आपल्या दारातली पीडा उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायची आणि देवीला म्हणायचं, आई, बघ कशी भक्ती केली. आईला लेकरं काय एकाच गावात असतात होय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हैबतरावांनीही डोलावली. मग सगळे उठून कोंबड्या आणायला घरोघरी गेले. ठकूबाई मात्र घरी जाऊन खुराड्याचे दार लावून बसल्या.

हैबतराव डालगे घेऊन दारात आले. "ठके, तुझी कोंबडी आण."

"न्हाई देत दादा," ठकूबाई म्हणाल्या. "माझ्या समद्या बऱ्या हायत. बरी कोंबडी त्या आजारी कोंबड्यांत घातली तर ती बी आजारी पडंल. आन पलीकडच्या शिवंतली माणसं बी आपल्यावाणीच हायत की. त्यांनी आपलं काय वाकडं केलंय?"

"कुणी शिकवलं हे तुला?"

"म्हाराज आताच म्हणालं न्हाई का?"

हैबतराव खो खो हसले. "बुवांनी भजन करावं. कोंबड्यांतलं त्यांना काय कळतंय? आन तुला तर भजनातलं बी कळत न्हाई." ते निघून गेले. उतारा ठकूबाईंच्या कोंबडीशिवाय गेला.

आता असे झाले की डालगे रात्रभर चावडीपुढे होते, आणि चावडीच्या मागेच ठकूबाईंचे अंगण. सकाळी डालगे उचलल्यावर तिथे दाणे सांडलेले होते, शिट पडलेली होती. ठकूबाईंच्या कोंबड्या सवयीने तिकडे गेल्या आणि ते दाणे टिपून आल्या. काही दिवसांनी त्यांची बुटकी पंख टाकून बसली. मग आणखी एक. तुरेवालीचे डोळे चिकटले. पिल्लांतली काही गोळा होऊन चिवचिवत बसू लागली. गावातली मरही उताऱ्याने थांबली नव्हती, उलट वाढली होती.

झाले! हैबतरावांना कारण सापडले. चावडीवर माणसे जमली आणि ते म्हणाले, "उतारा अपुरा गेला. एका घराची कोंबडी न्हवती. देवीनं कोप कुणावर केला ते बघा, मर तिच्याच खुराड्यात घुसली. आता एक कोंबडी दिऊन भागायचं न्हाई. ठकीचं समदं खुराडं शिवंपार न्यायाचं. आज दिवे लागायच्या वक्ताला." कुणी नाही म्हटले नाही. ज्यांच्या कोंबड्या मेल्या होत्या त्यांना तर कुणावर तरी राग काढायचाच होता.

ठकूबाईंच्या कानावर हे आले तेव्हा त्या अंगणात बुटकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना रडू फुटले नाही. त्यांना एवढेच कळले की आज संध्याकाळी खुराडे रिकामे होणार, आणि रिकाम्या खुराड्यापुढे आपल्याच्याने एक दिवसही राहवणार नाही. मग गाव सोडून कुठे जायचे, हे त्यांना सुचेना. त्या उठल्या आणि बुटकीला पदराखाली घेऊन तशाच ओवरीकडे गेल्या.

"म्हाराज, तुमचं ऐकून म्या न्हाई म्हणले. आता माझ्या आजारी पडल्या आन समदं गाव म्हणतंय देवीचा कोप झाला. म्या चुकले का?"

महाराज बांधावरची माती हातापायांना लागलेली तशीच घेऊन उठले. "आधी कोंबडी दाखव," ते म्हणाले. "कोपाचं मागनं बघू."

भक्तहो, ही गोष्ट मनात धरण्यासारखी आहे. एरवी एखाद्याने आधी उपदेश केला असता. महाराजांनी बुटकीला दोन्ही हातांत उचलले, तिची चोच उघडून घसा पाहिला, शेपटीखालची पिसे पाहिली, मान हळूच सरळ करून सोडली. मान पुन्हा एका बाजूला वळली. महाराजांचा चेहरा उतरला. लहानपणी आई गेल्यावर ते आजीच्या खोपटात वाढले होते, आणि आजीच्या कोंबड्यांमागेच त्यांचे बालपण गेले होते, असे जुनी माणसे सांगत. ते ठकूबाईंबरोबर चालू लागले.

महाराज ठकूबाईंच्या अंगणात येऊन खुराड्यापाशी मांडी घालून बसले आणि एकेक कोंबडी हातात घेऊ लागले. बघ्यांची गर्दी जमली. साधुपुरुषाने कोंबडीची शिट निरखून बघावी हे कुणी पाहिले नव्हते.

"ठकूबाई, या समद्या एका रोगानं आजारी न्हाईत," महाराज म्हणाले. "ही तुरेवाली बघ. डोळ्यात फेस, तोंडाला सूज, श्वास घेताना घरघर. ही सर्दी हाय. वारं लागणार न्हाई अशा कोरड्या जागी निराळी ठेव. पाणी उकळून कोमट झालं की त्यात चिमूटभर मीठ घालून डोळे पूस. ह्या तरण्या तलंगीच्या तुऱ्यावर खपल्या आल्यात, ह्या कोंबडीच्या देवी, फोडांचा रोग. खपली उकरायची न्हाई. तेलात हळद कालवून लाव, आन डास होऊ दिऊ नको, ते डबकं बुजवून टाक. आता पिल्लं बघ." त्यांनी पिल्लांच्या डालग्याखालची माती बोटाने उकरली. ती ओली होती. "रक्त पडतंय ते ह्या ओलीनं. पिल्लं आपल्याच घाणीत टोचा मारत्यात. जागा बदल, खाली कोरडी राख आन भुसा टाक, पाण्याचं परळ उंचावर ठेव म्हंजे त्यात पाय पडायचे न्हाईत. औषध बी लागंल."

"आन बुटकी?" ठकूबाईंनी विचारले.

महाराजांनी बुटकीच्या पाठीवरून हात फिरवला. "बुटकीला मानमोडी झालीय, बाय. हिरवी शिट, लुळे पंख, वळलेली मान. ह्याला औषध न्हाई. मी तुला खोटं सांगणार न्हाई. पण हिच्याबरोबर ज्या अजून बऱ्या हायत त्यांना वाचवायचं हाय, आन त्यांना वाचवायची लस असती. ती तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात मिळती."

तालुक्याला! पायी जायचे तर दिवस मोडणार, आणि दवाखान्यात जाऊन ही कोंबडीवाली म्हातारी कुणाला काय सांगणार? ठकूबाईंनी हात जोडले. महाराज उठले. त्यांनी आपल्या हाताने तीन कोपऱ्यांत तीन जागा केल्या. आजारी एकीकडे, बऱ्या दुसरीकडे, पिल्ले तिसरीकडे. दारात चुन्याचे पाणी ठेवले, आणि एका जागेतून दुसरीकडे जाताना हातपाय त्यात बुचकळायचे असे सांगितले. कुणाची कोंबडी मेली तर ती खायची नाही, विकायची नाही, ओढ्यात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची, हेही गर्दीकडे वळून सांगितले. मग हात धुऊन परत खुराड्यापाशी बसले आणि तुरेवालीचे डोळे कोमट पाण्याने पुसू लागले.

दिवे लागायची वेळ झाली. हैबतराव चार माणसे आणि मोठे डालगे घेऊन आले. समोर महाराज बसलेले पाहून माणसे थबकली. हैबतराव थबकले नाहीत.

"म्हाराज, तुम्ही बाजूला व्हा. देवीचं काम हाय."

महाराजांनी मान वर केली नाही. "हैबतराव, ह्या कोंबड्या शिवंपार नेल्या तर मर थांबंल?"

"थांबंल. माझ्या बापानं थांबवलीय."

"तुमच्या बापानं नेलेल्या कोंबड्या गेल्या कुठं, ते कधी बघितलंत?"

"मागं बघायचं नसतंय," हैबतराव म्हणाले.

अंगणात दिवा आला. ठकूबाई तो हातात धरून उभ्या होत्या. महाराजांनी डोळे मिटले. तुरेवाली त्यांच्या मांडीवर गुपचूप बसून राहिली. बराच वेळ गेला. माणसे पाय बदलू लागली. हैबतराव म्हणाले, "झोपले का काय बुवा?" आणि दोघे-तिघे हसले.

महाराजांनी डोळे उघडले. "उद्या दुपारपर्यंत दम धरा," ते म्हणाले. "दुपारनंतर तुम्ही म्हणाल ते."

"दुपारनंतर एक पिल्लू बी ठेवणार न्हाई," हैबतरावांनी बजावले. "आन कोंबड्या बऱ्या करायचा मंत्र असंल तर तेवढा आम्हांला बी शिकवा म्हाराज, भजनापरीस उपेगाचा हाय." ते गेले. महाराज त्या रात्री ओवरीत परतले नाहीत, तिथेच घोंगडी टाकून राहिले.

बुटकी पहाटे गेली. ठकूबाईंनी तिला चुन्यासह पुरले आणि मातीवर हात फिरवून त्या परत कामाला लागल्या. ऊन अंगणात आले तेव्हा चावडीकडून सायकलची घंटा ऐकू आली. पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण गृहस्थ सायकल ढकलत आला. घामाने भिजलेला. हँडलला थर्मास अडकवलेला, मागे पेटी बांधलेली. हैबतराव चावडीवरच होते. गृहस्थाने त्यांनाच विचारले, "ठकूबाईंचं घर कुठलं? मी डॉक्टर खासनीस. जनावरांच्या दवाखान्यातून आलो."

हैबतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुणी बोलावलं तुम्हाला?"

"काल संध्याकाळी दवाखाना बंद करत होतो, नुकते दिवे लागले होते, तेव्हा एक बाबा येऊन पायरीवर बसले. घोंगडी अंगावर. म्हणाले, हिवरदऱ्यात ठकूबाईच्या कोंबड्यांत मानमोडी शिरली आहे, लस घेऊन या. मी म्हटलं, उद्या बाजार आहे, परवा येतो. ते म्हणाले, परवा उशीर होईल, दुपारच्या आत या. मी आत जाऊन दिवा मोठा करून आलो तर पायरीवर कुणी नाही. पण शब्द काही डोक्यातून जाईनात. पहाटेच निघालो."

बोलत बोलत डॉक्टर अंगणापर्यंत आले होते. आत पाऊल टाकतात तोच त्यांची नजर खुराड्यापाशी बसलेल्या महाराजांवर गेली आणि ते दारातच थांबले. "हेच ते बाबा," ते म्हणाले. "बाबा, तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात?"

काल दिवे लागताना महाराज याच जागी, याच घोंगडीवर, मांडीवर कोंबडी घेऊन बसलेले सगळ्या गावाने पाहिले होते. ठकूबाईंनी दिवा धरला होता. आणि सर्वांत जवळ, हात लांब केला तर महाराजांना लागेल इतक्या जवळ, हैबतराव स्वतः उभे होते! भक्तांसाठी श्रीहरी कुठे कुठे धावतो, कुणाच्या पायरीवर जाऊन बसतो! एका म्हातारीच्या चार कोंबड्यांसाठी केवढी ही धाव! ठकूबाईंच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली. त्यांनी जमिनीला डोके टेकले, आणि तोंडून शब्द फुटला तो एवढाच, "बापा."

महाराज डॉक्टरांना म्हणाले, "देवानं तुम्हाला बुद्धी दिली यायची. आता तुमचं काम करा. बऱ्या त्या कोपऱ्यात हायत."

डॉक्टरांनी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले आणि तीन जागा पाहून समाधानाने मान हलवली. "असं वेगळं ठेवलं नसतं तर मी येऊनही उपयोग नव्हता," ते म्हणाले. "ही लस आजारी कोंबडीला बरी करत नाही. जी अजून निरोगी आहे तिला वाचवते." मग चित्री, लाली आणि बाकीच्यांना पंखाखाली सुई टोचली, लहान पिल्लांच्या नाकात थेंब टाकले, रक्त पडणाऱ्या पिल्लांसाठी पाण्यात घालायची पूड दिली. बघता बघता गावातल्या बायका आपापल्या उरलेल्या कोंबड्या काखेत घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना मागे सारले. कोंबड्या इथे एकत्र आणू नका, मीच घरोघर येतो, म्हणाले.

थर्मासमध्ये डोकावून ते महाराजांकडे वळले. "एक कळलं नाही. तुम्ही काल म्हणालात, ओढ्याच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्ही गावांना पुरेल एवढी आणा. म्हणून मी दुप्पट आणली. पलीकडे कुणाकडे आजार आहे?"

महाराजांनी ओढ्याकडे पाहिले. हैबतराव दाराशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा अहंकार अजून हटला नव्हता. "दवाखान्याचा माणूस," ते पुटपुटले, "कधी तरी येणारच व्हता. आन पलीकडं कुणाला काय झालंय? उगाच आपलं." पण आवाजात कालचा जोर नव्हता.

तेवढ्यात चावडीकडून एक तरणी बाई भरभर चालत येताना दिसली. डोक्यावर पालथे डालगे, तोंड उन्हाने लाल. ती हैबतरावांची थोरली लेक सुंदरा. ओढ्यापलीकडे लोणवाडीस दिलेली. ती आधी माहेरी जाऊन आली होती, आणि आई म्हणाली म्हणून इकडे आली होती. बापाला पाहताच तिने डालगे खाली टाकले आणि ती रडू लागली.

"आबा, माझ्या समद्या कोंबड्या गेल्या. येक बी न्हाई राहिली. सासू म्हणती माहेरचा पाय वाईट."

"कशानं गेल्या गं?" हैबतरावांनी विचारले. त्यांना उत्तर नको होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"म्या बांधावर गवत काढत व्हते. करवंदीच्या जाळीत येक कोंबडी बसलेली. डोक्याला कुंकू, आन पायांवर पिसं. म्या लगीच वळखली. आपली ती पायमोज्यांची पिवळी, जिला म्या लग्नाआधी हातानं चारून वाढवली. मला वाटलं वाट चुकून आली, माझ्या मायेनं आली. मरगळली व्हती म्हणून कुशीत घिऊन घरी नेली आन माझ्या कोंबड्यांत झाकली. दोन दिसांत ती मेली. मागनं येकेक करून समद्या. आता शेजारच्यांच्यात बी शिरलंय."

हैबतरावांच्या हाताची घडी सुटली. पिवळी त्यांनी स्वतःच्या हाताने डालग्यात घातली होती. कुंकू त्यांनी लावले होते. ओढा ओलांडून, रीतीप्रमाणे मागे न बघता ते परतले होते. बघितले असते तर बांधावर गवत काढणारी आपली लेक दिसली असती.

सुंदरा ठकूबाईंकडे वळली. डोळे पुसत म्हणाली, "ठकूमावशे, आई म्हणली तुझ्या कोंबड्या वाचल्या. मला येक दे गं. येक दिली तरी खुराडं हलतं राहील. सासूला त्वांड दाखवता येईल."

ठकूबाईंनी लालीकडे पाहिले, चित्रीकडे पाहिले, मग त्या मुलीच्या रडक्या तोंडाकडे. अंगणातल्या प्रत्येकाला वाटले, आता ही खुराड्याचे दार उघडणार. ठकूबाई पुढे झाल्या, त्यांनी सुंदराच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "न्हाई देत, पोरी."

सुंदराने पुढे केलेला हात मागे घेतला.

"माझ्या समद्या तुझ्या हायत. पण आज दिली तर कोंबडी न्हाई, रोग दिल्यासारखं हुईल. माझ्या अंगणात अजून मरण हाय. आन तुझं खुराडं बी अजून तसंच हाय. ते खरवडून काढ, चुना मार, उन्हात मोकळं पडू दे. डागदर म्हणतील तवर कायबी आणू नकोस. मग चित्री खुडूक बसली की तिच्याखाली तुझ्या नावाची अंडी ठेवते. सासूला म्हणावं, ठकूमावशीनं शब्द दिलाय."

हैबतराव हे ऐकत होते. हाच नकार त्यांनी या बाईच्या तोंडून एकदा ऐकला होता आणि त्याला हसून ते डालगे घेऊन निघून गेले होते. कंजूषपणा, अडाणीपणा, हट्ट, काय काय नावे दिली होती त्याला! आज तोच नकार त्यांच्या लेकीला दिला गेला तेव्हा त्यात केवढी माया आहे ते त्यांना दिसले. उंच, धिप्पाड माणूस तो, मट्कन खाली बसला. मग गुडघ्यांवर सरकत महाराजांपुढे गेला आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"म्हाराज, माझ्याच लेकीच्या दारात म्या मरण नेऊन ठेवलं. तुमास्नी ठावं व्हतं. दोन गावांची लस तुम्हीच सांगितलीत. आन म्या तुमास्नी मंत्र शिकवा म्हणून हसलो."

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. महाराजांचा चेहरा त्या वेळी आईसारखा झाला होता, असे तिथे असलेली माणसे पुढे सांगत. "हैबतराव, लेकीनं ते मरण कुशीत घेतलं, माहेरचं म्हणून," महाराज म्हणाले. "पलीकडं कुणाची तरी लेक असतीच. रडू नका. लोणवाडीत अजून बऱ्या कोंबड्या हायत. डॉक्टरसाहेबांना वाट दाखवा, त्यांची पेटी तुम्ही घ्या. आधी चुन्याच्या पाण्यात पाय बुडवा. आन माझ्या पाया कशाला पडता? म्या सांगितलेलं समद्या गावानं ऐकलं. केलं कुणी?"

हैबतराव उठले. डोळे पुसायचे त्यांना सुचले नाही. ठकूबाई खुराड्याच्या दाराशी तुरेवालीला छातीशी धरून उभ्या होत्या, लुगड्याला पिसे चिकटलेली, हाताला राख आणि हळद. सगळ्या गावादेखत तो मानकरी त्यांच्यापुढे आला, डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि वाकला.

ठकूबाई गडबडून मागे सरल्या. "अवं दादा, ह्ये काय करता?"

"अक्का," हैबतराव म्हणाले. त्यांनी अंगणातल्या त्या झाडून काढलेल्या मातीवर ठकूबाईंच्या पायांपुढे कपाळ टेकले.